ग्नूप्लॉटमध्ये स्वतःचं फंक्शन फिट होत नाही? आधी सुरुवातीचे आकडे पाहा

दर उन्हाळ्यात प्रोजेक्टचे दिवस आले की हाच प्रॉब्लेम फिरून फिरून समोर येतो. विहिरीच्या पाण्याचे आकडे असतात, ग्राफवर ठिपके मस्त वाकून वर चढलेले दिसतात, फंक्शनही बरोबर लिहिलेलं असते, अन् फिटची, म्हणजे फंक्शनची रेष ठिपक्यांवर बसवायची, कमांड मारली की एकतर 'सिंग्युलर मॅट्रिक्स' (म्हणजे गणित पुढे सुटत नाही) म्हणून काम थांबते नाहीतर ठिपक्यांच्या मधातून सरळ आडवी रेष निघते. मग "सर, सॉफ्टवेअरच बरोबर नाही वाटते, फिट नाही होऊन राहिलं" हे ठरलेलंच. काही पोट्टे सॉफ्टवेअर काढून परत टाकतात, कोणी दोस्ताचा लॅपटॉप आणून पाहते. फरक काहीच पडत नाही, पडणारही नाही, कारण खोट लॅपटॉपात नसते.

ग्नूप्लॉट धरून लिहितो कारण ते फुकट आहे, जुन्यापान्या मशीनवर चालते अन् एकदा टाकलं की नेट लागत नाही, आपल्या इकडे नेटचं काय खरं. १९८६ पासूनचं ग्राफ काढायचं सॉफ्टवेअर आहे, नावात ग्नू असलं तरी ग्नू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टशी त्याचं काही नातं नाही. एक्सेलची ट्रेंडलाइन इथे कामाची नाही, तिच्यात ठरलेलेच प्रकार असतात, आपल्या मनाचं फंक्शन देता येत नाही, अन् वर चढून एका उंचीवर थांबणारी रेष तिच्या एक्स्पोनेन्शियलमध्ये बसतच नाही.

आता मुद्द्याचं. मोटर बंद केली की विहिरीत पाणी आधी झपाट्याने चढते, मग हळूहळू, अन् शेवटी एका पातळीला येऊन थांबते, कारण आतलं पाणी जितकं खाली तितका बाहेरून मुरमातून यायचा जोर जास्त, अन् पातळी वर आली की जोर कमी. त्याचं साधं फंक्शन असं: एच = ए − बी × एक्स्प(−सी × टी). एच म्हणजे पाण्याची उंची, एक्स्प म्हणजे ई ह्या आकड्याचा (२.७१८) कंसातला घात. ए म्हणजे पाणी शेवटी जिथे थांबेल ती उंची, बी म्हणजे मोटर बंद केली तेव्हा त्या उंचीपेक्षा किती कमी होतं, सी म्हणजे भरायचा वेग, अन् टी मिनिटांत. नमुन्यासाठी हे आकडे घ्या: सुरुवातीला तळापासून १.५० मीटर पाणी, ३० मिनिटांनी १.८८, ६० ला २.१९, १२० ला २.७७, १८० ला ३.१८, २४० ला ३.५५, ३६० ला ४.०१ अन् ४८० ला ४.३३.

तुम्ही ए, बी, सी ला काहीच किंमत न देता फिट मारलं की ग्नूप्लॉट तिघांनाही गुमान १ धरते. पायथॉनमध्ये सायपाय ह्या गणिताच्या लायब्ररीचं कर्व्ह फिटही तेच करते, तेव्हा तिकडे पळून जाऊन काही भेटणार नाही. सी १ धरला तर टी ३० मिनिटांवर एक्स्प(−३०) किती येते पाहा: शून्य, दशांश चिन्ह, त्याच्यापुढे तेरा शून्यं अन् मग कुठे ९. म्हणजे शून्यच. ६० वर, १२० वर तर विचारूच नका. आता सी १ चा १.१ करा, नाहीतर ०.९ करा, रेष जागची हलत नाही. अन् फिटची पद्धत तर हलवून पाहण्यावरच चालते. तिचं नाव लेव्हनबर्ग-मार्क्वार्ट, पहिल्याने १९४४ मध्ये मांडली, दुसऱ्याने १९६३ मध्ये. प्रत्येक पॅरामीटर, म्हणजे ए, बी, सी, जरासा हलवायचा, रेष ठिपक्यांच्या जवळ येते की दूर जाते ते पाहायचं अन् जवळ येते त्या दिशेने पाऊल टाकायचं. सी हलवून काहीच हलत नाही म्हटल्यावर तिला दिशा कुठून भेटणार, सपाट वावरात पाट काढायला उभं केल्यासारखं होते, उतारच नाही तर पाणी कोणीकडे न्यावं.

म्हणून कधी सिंग्युलर मॅट्रिक्स येते, अन् कधी सी ला तसाच सोडून ती फक्त ए अन् बी जुळवून मोकळी होते. जुळवते तेही चुकीचं नाही. पहिला ठिपका १.५० वर पकडते अन् बाकीच्या सात ठिपक्यांची सरासरी काढून तिथे आडवी रेष ओढते. सात आकड्यांची बेरीज २१.९१, भागिले ७, म्हणजे ३.१३ मीटर. तुमच्या स्क्रीनवर जी आडवी रेष दिसते ती हीच. पहिला ठिपका सोडून आपल्या आकड्यांची सरासरी काढून पाहा अन् रेष त्याच उंचीवर असली तर रोग हाच आहे समजा, पुढे दुसरं काही शोधत बसायचं कामच नाही.

उपाय म्हणजे सुरुवातीच्या किमती हाताने द्यायच्या, अन् त्या काढायला ग्राफ नुसता नीट पाहिला तरी पुरते. ठिपके कुठे जाऊन थांबतील असं वाटते? ४.८ च्या आसपास, तर ए = ४.८. सुरुवात १.५ वर, म्हणून बी = ३.३. राहिला सी. राहिलेलं अंतर अर्धं कापायला किती वेळ लागला ते पाहायचं अन् ०.६९३ ला त्या वेळेने भागायचं. ३.३ चं अर्धं १.६५, म्हणजे पाणी ३.१५ मीटरला कधी आलं? १८० मिनिटांच्या जरासं आधी. ०.६९३ भागिले १८० म्हणजे ०.००३८५. बस, इतकंच. आपण १ देऊन बसलो होतो अन् खरा आकडा होता त्याच्या अडीचशेव्या हिश्शाएवढा. ह्या किमती दिल्या की फिट पटकन बसते अन् सी ०.००४ च्या जवळ येतो.

पण थांबा, फिट मारायच्या आधी एक काम करायचं जे कोणीच करत नाही. ए, बी, सी च्या अंदाजी किमती टाकून तेच फंक्शन डेटासोबत नुसतं प्लॉट करायचं. फिट नाही, प्लॉट. तुमची अंदाजाची रेष ठिपक्यांच्या आसपास तरी दिसली पाहिजे, आकार तसाच वाकलेला पाहिजे. ती जर ग्राफच्या बाहेर कुठेतरी असेल नाहीतर आडवी असेल, तर फिटची कमांड मारून वेळ घालवू नका, आधी किमती बदला. माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी ह्या एका प्लॉटने मिटतात.

इथेच एक खड्डा आहे. सी चा अंदाज काही जण असा देतात: सी = १/२५०. गणितात बरोबर, पण ग्नूप्लॉटमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांकच येते, म्हणजे १/२५० चं उत्तर शून्य. सी शून्य झाला की एक्स्प(०) म्हणजे १, अन् फंक्शन उरलं नुसतं ए − बी. आता ए वाढवला काय अन् बी कमी केला काय, एकच गोष्ट, दोघांना वेगळं करायचा काही मार्गच नाही, अन् परत सिंग्युलर मॅट्रिक्स. किंमत दिली होती सर, तरी तेच येते, असं जे म्हणतात त्यांचं बहुतेक इथे अडकलेलं असते. १.०/२५० लिहा, नाहीतर सरळ ०.००४ लिहा. तसंच घातासाठी टोपीचं चिन्ह चालत नाही, दोन स्टार लागतात. अन् लॉग म्हणजे नॅचरल लॉग, दहाच्या पायाचा पाहिजे तर लॉग१० वेगळा लिहायचा. फंक्शनच्या कंसात एक्स लिहून उजवीकडे टी वापरला तर 'अनडिफाइन्ड व्हेरिएबल' येते, ते तर वाचूनच समजते.

किमती बरोबर असूनही रेष बसत नसेल तर मग डेटाची फाइल उघडून पाहा, अन् ग्राफमधून नाही, साध्या नोटपॅडमधून.

आपल्या खेड्यात विहीर मोजायची ती फूट-इंचात. वहीत लिहिलेलं असते १२.६, म्हणजे बारा फूट सहा इंच. सॉफ्टवेअर ते बारा पूर्णांक सहा दशांश फूट वाचते, खरं तर ते १२.५ पाहिजे. इथवर चूक लहान आहे, ग्राफ पाहून लक्षात येत नाही. पुढे पाहा: १२.८, १२.९, मग १२.१०, १२.११, मग १३.०. माणसाच्या डोळ्याला हे चढत चढत गेलेलं दिसते. सॉफ्टवेअरला १२.१० म्हणजे १२.१, म्हणजे १२.९ वरून पाणी एकदम पाऊण-एक फूट खाली पडलं, १२.११ वर तिथेच रेंगाळलं अन् मग उडी मारून १३ वर गेलं. दर फुटामागे असा एक खड्डा येते, अन् पोट्टे म्हणतात विहिरीत काहीतरी गडबड आहे, झरा फुटला असेल. झरा नाही भाऊ, दहा अन् अकरा इंच आहेत ते! फूट एका कॉलममध्ये, इंच दुसऱ्या कॉलममध्ये लिहा अन् फूट + इंच/१२ असं करून घ्या. ग्नूप्लॉटमध्येच करत असाल तर १२.० लिहिलेलं बरं, भागाकाराची सवय नको बिघडायला.

वेळेचंही तसंच. ६.३० म्हणजे आपल्यासाठी साडेसहा, त्याच्यासाठी ६.३. अन् ६:३० असं कोलन टाकून लिहिलं तर साध्या कॉलममध्ये ते कोलनपर्यंतचं ६ वाचून पुढे जाते, मग सहा वाजेपासून सातपर्यंतचे सगळे ठिपके एकावर एक, उभ्या रेषेत. असा उभा थर दिसला की वेळ तपासा. सगळ्यात चांगलं म्हणजे मोटर बंद झाल्यापासूनची मिनिटं काढून तोच कॉलम ठेवायचा, रात्री बारा वाजता शून्यावर यायची भानगडही राहत नाही.

अजून दोन गोष्टी फक्त आपल्याकडच्या. मोबाइलवर मराठी कीबोर्डने आकडे टाइप केले असतील तर ते देवनागरी अंक असतात, सॉफ्टवेअरला ते आकडे वाटतच नाहीत, अन् मग 'डेटाच नाही' असा मेसेज येते. फाइल उघडून पाहिली तर सगळं व्यवस्थित दिसते म्हणून माणूस चक्रावते. इंग्रजी अंकात बदलून घ्या. अन् एक्सेलमधून स्वल्पविरामवाली फाइल काढली असेल तर ग्नूप्लॉटला सेपरेटर स्वल्पविराम आहे हे आधी सांगावं लागते, अन् आकड्याच्या आतले स्वल्पविराम, आपलं १,२५० लिहितो तसे, काढून टाकावे लागतात, नाहीतर आकडा नीट वाचला जात नाही.

आता ज्या केसमध्ये फिट होते, मेसेजही चांगला येते, पण उत्तर विश्वास ठेवण्यासारखं नसते, ती जास्त वाईट. कारण तिथे कोणी तपासत नाही, सरळ रिपोर्टात टाकतात.

समजा तुम्ही दोनच तास मोजलं अन् घरी गेलात, ऊन लागत होतं, समजू शकतो. चार ठिपके भेटले: १.५०, १.८८, २.१९, २.७७. ह्याच्यावर ए = ४.८, बी = ३.३, सी = ०.००४ टाकलं तर रेष चारही ठिपक्यांपासून दोन सेंटीमीटरच्या आत जाते. अन् ए = ६, बी = ४.५, सी = ०.००२८ टाकलं तरीही दोन सेंटीमीटरच्या आतच जाते. दोरीला टेप बांधून मोजताना तेवढा फरक तर हाताचाच असते. म्हणजे ह्या चार ठिपक्यांना पाणी शेवटी ४.८ वर थांबणार का ६ मीटरवर हे माहीतच नाही. आठ तासांवर मात्र पहिली रेष ४.३२ सांगते अन् दुसरी ४.८३, अर्ध्या मीटरचा फरक. सॉफ्टवेअर दोघींच्या आसपासचं काहीतरी निवडून तीन-चार दशांशांपर्यंत छापून देते, अन् ते आकडे दिसायला इतके पक्के दिसतात की कोणी शंका घेत नाही.

हे पकडायचं कसं? फिट झाल्यावर किमतींच्या बाजूला अधिक-उणे करून स्टँडर्ड एरर, म्हणजे तो आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते, येते, कंसात टक्केवारी असते. ती टक्केवारी शंभराच्या जवळ नाहीतर वर गेली तर त्या पॅरामीटरचा आकडा म्हणजे नुसता आकडा आहे. त्याच्याखाली कोरिलेशन मॅट्रिक्स असते, ती कोणी वाचत नाही. तिच्यात कर्णाच्या बाहेर कुठे ०.९९ नाहीतर −०.९९ दिसलं तर ते दोन पॅरामीटर एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसले आहेत, एक वाढला की दुसरा त्याची भरपाई करते, डेटा त्यांना वेगळं करू शकत नाही. हे सगळं स्क्रीनवरून निघून गेलं असेल तर ज्या फोल्डरमध्ये काम करत होता तिथे फिट डॉट लॉग नावाची फाइल पडलेली असते, तिच्यात प्रत्येक फिटचा हिशेब खाली खाली जोडलेला असते.

त्याच्यावर खरा इलाज जास्त वेळ मोजणे, रेष वाकून आडवी व्हायला लागेपर्यंत. ते शक्य नसेल तर ए मोकळा सोडू नका. विहीर रात्रभर शांत होती अन् सकाळी मोटर लावायच्या आधीची पातळी लिहून ठेवली असेल तर तोच ए धरा अन् फिटच्या कमांडमध्ये व्हाया (via) ह्या शब्दापुढे पॅरामीटरची जी यादी देतो तिच्यातून ए काढून फक्त बी अन् सी फिट करा. रिपोर्टात मात्र ए मोजलेला आहे, फिटमधून आलेला नाही, हे लिहायचं, ते लपवायचं नाही.

उलटं, काही फंक्शन लिहितानाच अशी बनतात की कितीही डेटा दिला तरी पॅरामीटर वेगळे होणारच नाहीत. ए × एक्स्प(बी − सी × टी) हे घ्या. दिसायला तीन पॅरामीटर, पण एक्स्प(बी) हा ए ला नुसता गुणतो, म्हणून ए अन् बी मिळून एकच आहे. एक काढून टाका. हे मी गाइड मंडळींच्या पीपीटीतही पाहिलं आहे.

अडेलतट्टू केस असली तर टप्प्याने फिट करा. सी ला ०.००३८५ वर बांधून ठेवा अन् आधी फक्त ए, बी चं फिट मारा. ते सरळ गणित आहे, अडकत नाही. मग त्या किमतींवरून तिघांचं. फिट करता करता सी उणे होऊन रेष भलतीकडेच उडत असेल तर फंक्शनमध्ये सी च्या जागी एक्स्प(पी) लिहा, पी काहीही झाला तरी सी शून्याच्या वरच राहील, ०.००४ साठी पी ची सुरुवात −५.५ द्यायची.

हेच सगळं पराटीच्या (कपाशीच्या) उंचीला लागू आहे. तिथे एस आकाराचं लॉजिस्टिक घेतात: के भागिले (१ + एक्स्प(−आर × (टी − एम))). के म्हणजे शेवटची उंची, एम म्हणजे अर्धी उंची आली तो पेरणीपासूनचा दिवस, आर वेग. काही न देता फिट मारलं की एम = १ धरला जाते, म्हणजे पहिल्याच दिवशी पराटी अर्धी वाढलेली, पुढे सगळं आडवं, रोग तोच. के अन् एम ग्राफवरून दिसतातच, अन् आर साठी सगळ्यात जोरात वाढते तिथला रोजचा वेग घ्या, त्याला ४ ने गुणा अन् के ने भागा. वर्षाप्रमाणे आकडे असतील, भूजल पातळी वगैरे, तर २०१५, २०१६ असे आकडे तसेच एक्स्पमध्ये टाकू नका, एक्स्प(७१०) लाच कॉम्प्युटरची मर्यादा संपते, २०१५ तर फार दूर. २००० वजा करून घ्या.

राहिली शेवटची तक्रार: सगळं बरोबर, तरी मधात एका जागी ठिपके रेषेच्या खाली जातात अन् खालीच राहतात. ठिपके रेषेच्या वरखाली मिसळून असतील तर ती मोजायची चूक, चालते. सलग पाच-सहा एकाच बाजूला असले तर विहिरीत काहीतरी झालं आहे. लाइन आली की ऑटोवरची मोटर आपोआप चालू होते, तुमची नाही तर धुऱ्यापलीकडची, अन् तिकडे उपसा सुरू झाला की तुमच्या विहिरीचं भरणं मंदावते. लाइन कधी आली ती वेळ विचारून घ्या अन् ठिपके जिथून खाली गेले तिच्याशी जुळवून पाहा. जुळली तर फंक्शनमध्ये अजून पॅरामीटर कोंबू नका, तिथपर्यंतचाच डेटा फिट करा: फिट ह्या शब्दानंतर चौकटी कंसात शून्य, कोलन अन् ती वेळ मिनिटांत, जसं [०:३००], अर्थात अंक इंग्रजी. तेवढ्या डेटावर बसलेला ए मोजलेल्या सकाळच्या पातळीच्या जवळ आला तर काम झालं, नाहीतर पुढच्या वेळी शेजारच्या शेतकऱ्याला आधी सांगून मग मोजायला बसा.